सागरी तेल व वायू मंच : अपघातसहनक्षमतेचे मूल्यमापन

समुद्रतळाखालील खनिज तेल व नैसर्गिक वायू काढण्यासाठी उभारलेले मंच, त्यांना जोडणारे नळ आणि त्यांच्या सेवेतील जहाजे यांचा समूह अपघाताचा आघात कितपत सोसू शकतो, लहान बिघाडाचे मोठ्या दुर्घटनेत होणारे रूपांतर कोठे थांबवू शकतो, माणसांना सुखरूप बाहेर पडण्यास किती वेळ मिळवून देतो आणि त्यानंतर किती अवधीत पुन्हा कार्यान्वित होतो, हे पद्धतशीरपणे ठरविणे म्हणजे त्याच्या अपघातसहनक्षमतेचे मूल्यमापन होय. ही संकल्पना नुसत्या मजबुतीहून वेगळी आहे. मंचाचा पोलादी सांगाडा शंभर वर्षांतील सर्वांत मोठ्या लाटेला पुरून उरेल असा असला, तरी त्याच मंचावरील एखादा नळ फुटून लागलेल्या आगीत तो दोन तासांत कोसळू शकतो. उलट, एखादा मंच काही अंशी मोडूनही त्यावरील सर्व माणसे वाचू शकतात. मूल्यमापनात मंच उभा राहील की नाही याबरोबरच तो कोणत्या क्रमाने व किती वेळात निकामी होईल हेही पाहावे लागते.

जमिनीवरील तेलशुद्धीकरण कारखान्यात विहिरी, प्रक्रियायंत्रे, साठे व कामगारांच्या वसाहती एकमेकांपासून दूर ठेवता येतात. समुद्रात प्रत्येक चौरस मीटर जागा पोलादाने निर्माण करावी लागत असल्याने हे अंतर परवडत नाही. परिणामी दाबाखालील वायू, तो तापविणारी व दाबणारी यंत्रे आणि शेकडो माणसांच्या झोपण्याच्या खोल्या काही मीटरांच्या अंतरावर, बऱ्याचदा एकावर एक, येतात. आग लागल्यास पळून जाण्यास जागा नसते आणि अग्निशामक दल बाहेरून वेळेवर येत नाही. आगीपासून सुटका करून घेणारा माणूस समुद्राच्या स्वाधीन होतो. पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर या काळात तो समुद्र कसा असतो, हे कोळी समाजास सांगावे लागत नाही.

मुंबई हाय व तिचा परिसर : भारतातील या विषयाचा इतिहास मुख्यतः मुंबई हाय या तेलक्षेत्राशी निगडित आहे. मुंबईच्या पश्चिम-वायव्येस सु. १६० किमी. अंतरावर, सु. ७५ ते ८० मी. खोल पाण्यात ‘सागर सम्राट’ या वेधन मंचाने फेब्रुवारी १९७४ मध्ये येथे तेल शोधून काढले व मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. पुढे हीरा, नीलम, पन्ना, मुक्ता इ. क्षेत्रे विकसित झाली. भाईंदरच्या उत्तरेस खाडीपलीकडे असलेल्या वसईचे नाव एका मोठ्या वायुक्षेत्रास मिळाले आहे. मुंबई हायचे तेल व वायू सु. २०० किमी. लांबीच्या समुद्रतळावरील नळांतून उरण येथे येतात. [⟶ खनिज तेल, नैसर्गिक वायू].

मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतील उत्तन, पाली, चौक इ. किनारी गावांतून हे मंच दिसत नाहीत. तथापि गावांचा आणि मंचांचा समुद्र एकच आहे. मंचाच्या पायांभोवती शेवाळ व शिंपले वाढून मासळी जमते, त्यामुळे खोल समुद्रात जाणाऱ्या मासेमारी नौकांना मंचांचे आकर्षण असते. मंचाभोवती ५०० मी. त्रिज्येचे सुरक्षाक्षेत्र असते व त्यात नौकांना मज्जाव असतो. मच्छीमाराच्या दृष्टीने ते गमावलेले क्षेत्र होय, तर मंचाच्या दृष्टीने ते पहिले संरक्षण. या दोन्ही बाजू खऱ्या आहेत आणि मूल्यमापनात सहसा फक्त दुसरीच मांडली जाते.

२७ जुलै २००५ चा अपघात : मुंबई हायच्या उत्तर भागातील संकुलात पुलांनी जोडलेले चार मंच होते : १९७६ चा विहीर मंच, १९७८ चा निवासी मंच, १९८१ चा सात मजली प्रक्रिया मंच व पुढे वाढविलेला आणखी एक प्रक्रिया मंच. विहीर मंचापाशी ‘नोबल चार्ली येस्टर’ हा वेधन मंच उभा होता. पाणबुड्यांच्या कामासाठी ‘समुद्र सुरक्षा’ हे बहुउद्देशीय जहाज त्याच क्षेत्रात होते. आदल्या दिवशी, २६ जुलै रोजी, सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस पडून मुंबई परिसर ठप्प झाला होता. समुद्र खवळलेला होता व हेलिकॉप्टरची उड्डाणे बंद होती.

‘समुद्र सुरक्षा’वरील एका आचाऱ्याच्या दोन बोटांची टोके कापली गेली. हेलिकॉप्टर मिळत नसल्याने त्याला यारीला टांगलेल्या टोपलीतून मंचावरील वैद्याकडे पोहोचविण्याचे ठरले. मंचाच्या आडोशाच्या बाजूची यारी नादुरुस्त असल्याने जहाज वाऱ्याच्या तोंडच्या बाजूने जवळ आणावे लागले. याच सुमारास जहाजाच्या दिशा बदलू शकणाऱ्या प्रचालकांच्या संगणकीय नियंत्रणात बिघाड असल्याने ते हाताने चालविले जात होते. जखमी मंचावर पोहोचला. परंतु दूर जाण्यापूर्वीच लाटेने उचललेल्या जहाजाच्या मागील बाजूचा हेलिकॉप्टरतळ, दुपारी चारच्या सुमारास, मंचाच्या रायझरवर आदळला. रायझर म्हणजे समुद्रतळावरील नळापासून मंचाच्या माथ्यापर्यंत येणारा उभा नळ. वायुवाहक रायझर फुटला, वायूने पेट घेतला आणि शेजारी ओळीने असलेले इतर रायझर उष्णतेने एकामागून एक फुटले. सु. दोन तासांत प्रक्रिया मंच कोसळला. शेजारचे मंच व वेधन मंच यांना आगीच्या झळांनी हानी पोहोचली. पेटलेले ‘समुद्र सुरक्षा’ ओढून नेत असता १ ऑगस्ट रोजी बुडाले.

त्या वेळी संकुल, वेधन मंच व जहाज मिळून ३८४ माणसे होती. त्यांपैकी ३६२ जणांना नौदल, तटरक्षक दल व आसपासच्या जहाजांनी सु. १५ तासांत वाचविले. २२ जण मृत्युमुखी पडले किंवा बेपत्ता झाले. आठ जीवरक्षक होड्यांपैकी दोनच आणि दहा तराफ्यांपैकी एकच पाण्यात सोडता आला. जहाजावरील दाबकक्षात सहा पाणबुडे होते. खोल पाण्यातील कामासाठी शरीर उच्च दाबास सरावलेले असल्याने त्यांना एकाएकी बाहेर काढणे म्हणजे मृत्यूच. जहाज सोडले गेले तेव्हा ते आतच राहिले व सु. ३६ तासांनी त्यांची सुटका झाली. देशाचे दररोजचे सु. १,२०,००० पिंप तेलाचे उत्पादन या एका घटनेने थांबले.

दोन बोटांच्या जखमेपासून मंच नाहीसा होण्यापर्यंतची ही साखळी विलक्षण योगायोगांची वाटते, पण ती तशी नाही. तीतील प्रत्येक कडी परिचित होती. जहाज मंचास धडकू शकते, यारी बिघडू शकते, प्रचालक हट्ट करू शकतो, पावसाळ्यात हेलिकॉप्टर उडत नाही, या सर्व गोष्टी अपघातापूर्वीही कोणत्याही अनुभवी खलाशाने सांगितल्या असत्या. प्रश्न त्या एकत्र मांडून पाहण्याचा होता.

मूल्यमापनाची रीत : प्रथम धोक्यांची यादी केली जाते. विविध विषयांचे तज्ञ आराखडा समोर ठेवून प्रत्येक नळ व पात्र यांविषयी ‘दाब वाढला तर’, ‘प्रवाह उलटला तर’ असे प्रश्न विचारतात. त्यानंतर एखादी अनिष्ट घटना कोणकोणत्या बिघाडांच्या संयोगाने घडेल हे दाखविणारा दोषवृक्ष आणि ती घडल्यावर पुढे काय काय होऊ शकेल हे दाखविणारा घटनावृक्ष काढतात. प्रत्येक फाट्यावर पूर्वानुभवातून मिळालेली संभाव्यता मांडून अखेरीस मंचावरील एका माणसाला वर्षभरात किती धोका आहे याचा अंक मिळतो. ब्रिटनमध्ये कामगाराच्या बाबतीत वर्षाला हजारात एक मृत्यू ही सहन करता येण्याजोग्या धोक्याची कमाल मर्यादा मानतात. अलीकडे एका घटकाविषयी नवी माहिती मिळताच इतर घटकांच्या संभाव्यता सुधारणाऱ्या जालांचाही उपयोग होऊ लागला आहे. या सर्व गणिताचा खरा लाभ अंतिम अंकात नसून तो मिळविताना विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत आहे, असे या क्षेत्रात दीर्घकाळ काम केलेल्या अनेकांचे मत आहे व ते योग्य आहे.

जहाजाच्या धडकेचे उदाहरण घेता येईल. ५,००० टनांचे जहाज सेकंदाला २ मी. वेगाने वाहत आले, तर त्याची गतिज ऊर्जा १ कोटी जूल होते. जहाजाबरोबर हलणारे पाणी जमेस धरून उत्तर समुद्रात अशा जहाजाच्या धडकेसाठी १·१ ते १·४ कोटी जूल ऊर्जा गृहीत धरून सांगाडे तपासण्याचा प्रघात पडला. याउलट ३० टनांची मासेमारी नौका सेकंदाला ४ मी. वेगाने आदळली, तरी ऊर्जा २ लक्ष ४० हजार जूलच भरते. मंचाचा जाड पाय चेपून, वाकून बरीचशी ऊर्जा पचवितो. रायझर तसे करू शकत नाही. तो चेपला की फुटतो. म्हणून सांगाडा धडक सोसतो असा निर्वाळा मिळाल्यावर काम संपत नाही. रायझर सांगाड्याच्या आतील बाजूस आहे की बाहेर, त्याच्याभोवती संरक्षक पिंजरा आहे काय, त्यावर अग्निरोधक लेप आहे काय आणि जहाजे ज्या यारीखाली लागतात तिच्यापासून तो किती दूर आहे, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात. २००५ मध्ये रायझरना आगीपासून संरक्षण नव्हते आणि ते जहाजांच्या वाटेवर होते.

फुटलेल्या नळात किती इंधन शिल्लक आहे यावर आगीचे आयुष्य अवलंबून असते. ३० सेंमी. व्यासाच्या, १० किमी. लांबीच्या नळाचे घनफळ सु. ७०० घ. मी. भरते. त्यात वातावरणाच्या ७० पट दाबाचा वायू असेल, तर बाहेर पडल्यावर तो सु. ५० हजार घ. मी. होतो. मंचावरील आणीबाणीची झडप बंद केली तरी नळ झडपेच्या खाली फुटला असेल, तर हा सर्व वायू मंचाच्या पायथ्याशी जळत राहतो. त्यावर उपाय म्हणजे समुद्रतळावरच दुसरी झडप बसविणे. ती महाग असते, तिची देखभाल पाणबुड्यांना करावी लागते आणि तिच्या स्वतःच्या जोडांतून गळतीचा नवा धोका निर्माण होतो. त्यामुळे ती प्रत्येक नळावर असावी असा सरसकट नियम करता येत नाही. प्रत्येक नळाचा निर्णय वेगळा घ्यावा लागतो.

स्वतंत्र मानलेली संरक्षणे : मूल्यमापनातील सर्वांत घातक चूक गणिताची नसून गृहीताची असते. समजा, मंच सोडण्याचे तीन मार्ग आहेत : हेलिकॉप्टर, जीवरक्षक होडी आणि टोपलीतून जहाजावर उतरणे. प्रत्येक मार्ग दहात एकदा निरुपयोगी ठरतो असे मानले व तिन्ही परस्परांपासून स्वतंत्र धरले, तर तिन्ही एकाच वेळी बंद असण्याची संभाव्यता हजारात एक येते. हा अंक समाधानकारक वाटतो. परंतु तिन्ही बंद पडण्याचे कारण एकच, म्हणजे पावसाळी वादळ, असेल, तर एक बंद असताना उरलेले दोन्हीही बंद असतात आणि संभाव्यता हजारात एक नसून दहात एक होते. शिवाय त्याच वादळात जहाज धडकण्याचा संभवही वाढलेला असतो. म्हणजे संकटाची शक्यता जेव्हा सर्वाधिक, नेमकी तेव्हाच सुटकेची साधने सर्वांत दुबळी असतात. वर्षभराची सरासरी काढणारे मूल्यमापन ही गोष्ट झाकून टाकते. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील मंचांचे मूल्यमापन पावसाळ्याचे चार महिने वेगळे काढून करावे लागते, कारण येथील वाईट हवामान क्वचित येणारे नसून दरवर्षी ठरल्या वेळी येणारे आहे.

समाईक कारण हवामानच असते असे नाही. स्कॉटलंडच्या ईशान्येस उत्तर समुद्रातील ‘पायपर अल्फा’ या मंचावर ६ जुलै १९८८ रोजी १६७ माणसे मृत्युमुखी पडली. दुरुस्तीसाठी सुरक्षा झडप काढलेला एक पंप, कामाच्या परवान्याची माहिती पुढील पाळीपर्यंत न पोहोचल्याने, सुरू केला गेला व स्फोट झाला. समुद्राचे पाणी खेचणारे अग्निशामक पंप स्वयंचलित ठेवलेले नव्हते. पाण्याखाली काम करणारे पाणबुडे पंपाच्या तोंडाशी ओढले जाऊ नयेत म्हणून ते हाताने सुरू करावयाचे होते, आणि स्फोटानंतर तेथे कोणी पोहोचू शकले नाही. एका सुरक्षेसाठी केलेल्या व्यवस्थेने दुसरी सुरक्षा काढून घेतली होती. सु. वीस मिनिटांनी शेजारच्या मंचाकडून येणारा वायूचा रायझर फुटला. ज्या निवासी भागात माणसे सूचनांची वाट पाहत जमली होती तेथे धूर शिरला. बहुतेकांचा मृत्यू आगीने नव्हे, तर धुराने झाला.

लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालाने (१९९०) १०६ शिफारशी केल्या. त्यांचा गाभा असा की, सरकारने नियमांची यादी द्यावी व कंपनीने ती पाळल्याचे दाखवावे ही पद्धत अपुरी आहे. आपला मंच सुरक्षित का आहे हे चालकाने स्वतः मुद्देसूद सिद्ध करावे व स्वतंत्र यंत्रणेने ते तपासावे. माणसे जमतील तो आसरा ठराविक वेळपर्यंत धूर व उष्णता रोखील, आणि तो वेळ मंच सोडण्यास लागणाऱ्या वेळेपेक्षा अधिक असेल, हे आकड्यांनी दाखविणे आवश्यक झाले. अपघातसहनक्षमतेची ही कदाचित सर्वांत साधी व उपयुक्त कसोटी होय : आसरा किती मिनिटे टिकतो व सुटका किती मिनिटांत होते.

भारतात तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाची स्थापना १९८६ मध्ये झाली. त्यापूर्वी १९८२ मध्ये मुंबई हाय येथे ‘सागर विकास’ या वेधन मंचावर विहिरीचा उद्रेक होऊन आग लागली होती. सागरी कार्यांतील सुरक्षेविषयीचे पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियम मात्र २००८ मध्ये, म्हणजे मुंबई हाय उत्तर संकुलाच्या अपघातानंतर तीन वर्षांनी आले आणि संचालनालयास सक्षम प्राधिकारी नेमण्यात आले.

मंचाबाहेरील माणसे : मूल्यमापनाची सीमा कोठे आखावी हा प्रश्न मे २०२१ मध्ये पुन्हा पुढे आला. तौक्ते चक्रीवादळात हीरा क्षेत्राजवळ ‘पापा-३०५’ हा निवासी तराफा (बार्ज) नांगर तुटून वाहत गेला व १७ मे रोजी बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. ‘वरप्रदा’ ही ओढनौकाही बुडाली; तीवर १३ जण होते. दोन्ही मिळून ८६ जणांचा अंत झाला. इतर बार्ज व एक वेधन जहाजही भरकटले. वादळाचा इशारा काही दिवस अगोदर मिळालेला होता. मंच उभेच राहिले, आणि मंचांपुरतेच पाहणाऱ्या मूल्यमापनाच्या दृष्टीने त्या दिवशी काहीच बिघडले नसते. बार्जवरील वेल्डर, रंगारी, आचारी हे कंत्राटदारांच्या, बऱ्याचदा उपकंत्राटदारांच्या, नोकरीत असतात. त्यांचे तरंगते घर ओढनौकेशिवाय हलू शकत नाही. तेव्हा काम केव्हा थांबवावयाचे, निर्णय कोणाचा, बंदरात पोहोचण्यास किती तास लागतात व तेवढे तास शिल्लक आहेत काय, ही माहिती मूल्यमापनाचाच भाग असली पाहिजे. २००५ मध्ये आघात करणारे जहाज होते, २०२१ मध्ये आघात सोसणारे. दोन्ही वेळी कमकुवत दुवा मंचाच्या कठड्याबाहेर होता.

वय व पुनर्स्थापना : मुंबई हायचे अनेक मंच २५ वर्षांच्या अपेक्षित आयुष्यासाठी बांधलेले होते व ते आयुष्य उलटून गेले आहे. शंभर वर्षांतून एकदा येणारी लाट ३० वर्षांच्या काळात येण्याची संभाव्यता सु. २६ टक्के असते. मंच जितका अधिक काळ वापरावा तितकी ती वाढते, तर गंज व सांध्यांतील शीणामुळे पोलादाचे बळ घटत जाते. म्हणून पाण्याखालील सांध्यांची तपासणी, एक तुळई तुटल्यास भार दुसऱ्या कोणत्या तुळया उचलतील याचे गणित आणि अनावश्यक वजन उतरविणे या गोष्टी आयुष्यवाढीच्या आधी कराव्या लागतात. पुनर्स्थापनेच्या बाबतीत २००५ चा अनुभव अनुकूल आहे. नळांचे जाळे विस्तृत असल्याने तेल इतर मंचांकडे वळवून थांबलेल्या उत्पादनाचा बराच भाग काही आठवड्यांत परत मिळविता आला. ज्या जाळ्यातून आग पसरू शकते तेच जाळे झडपा योग्य जागी असतील तर क्षेत्राला तारते.

तेलगळतीच्या बाबतीत पुनर्स्थापना इतकी सोपी नसते. मे १९९३ मध्ये मुंबई हायकडून उरणकडे जाणारा नळ फुटून हजारो टन तेल समुद्रात गेले. समुद्रावरील तेलाचा हलका अंश उडून जातो व उरलेल्याचे डांबरी गोळे बनतात. नैर्ऋत्य वारे सुरू झाले की ते मुंबई-ठाणे किनाऱ्याकडे येतात. गळती मंचांकडूनच होते असे नाही. जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांचाही त्यात वाटा असतो आणि गोळ्यावरून मूळ ओळखण्यास रासायनिक विश्लेषण करावे लागते. १९९६ पासून राष्ट्रीय तेलगळती आपत्ती योजनेनुसार तटरक्षक दल हे समन्वयाचे काम पाहते. योजनेत तेल अडविणारे तरंगते कठडे व तेल विखुरणारी रसायने यांची तरतूद असते. खवळलेल्या समुद्रात कठड्यांवरून तेल उसळून जाते, त्यामुळे पावसाळ्यात त्यांचा उपयोग मर्यादित असतो. उत्तनसारख्या गावात डोल व इतर जाळी तेलाने माखली, तर ती धुऊन पुन्हा वापरता येत नाहीत आणि मासळीला वास लागला की ती बाजारात घेतली जात नाही. ही हानी मंचाच्या उत्पादनहानीप्रमाणे पिंपांत मोजता येत नाही. त्यासाठी गावाच्या नौकांची, जाळ्यांची व हंगामातील आवकेची नोंद अपघातापूर्वीच हाती असावी लागते.